‘फेअरी क्वीन’ टिकली कशी?

भारतात रेल्वे आली त्या पहिल्या दशकात विलायतेहून आलेल्या वाफेच्या इंजिनांपैकी बहुतेकांचा आज मागमूसही उरलेला नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे चौदा डब्यांची पहिली प्रवासी गाडी ओढून नेणारी ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तीन इंजिने मराठी वाचकांना शाळेच्या पुस्तकांपासून परिचयाची आहेत. प्रत्यक्षात त्यांपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. याउलट, दोन वर्षांनी कलकत्त्याच्या बंदरात उतरलेले आणि कोणत्याही ‘पहिल्या’ गाडीचा मान नसलेले एक इंजिन मात्र शाबूत आहे. वयाची दीडशे वर्षे उलटल्यानंतरही ते स्वतःच्या वाफेवर रुळांवर धावले आहे. ईस्ट इंडियन रेल्वेचे हे २२ क्रमांकाचे इंजिन ‘फेअरी क्वीन’ या नावाने जगभर ओळखले जाते.

मुंबईची मानाची इंजिने गेली आणि बंगालचे हे साधे इंजिन राहिले, असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जुने यंत्र जपणे म्हणजे नेमके काय करणे, या अधिक अवघड प्रश्नाशी आपण येऊन ठेपतो.

लीड्सहून हावड्याला

‘फेअरी क्वीन’चा जन्म १८५५ मधला. इंग्लंडमधील लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन या कारखान्याने ते बांधले. या कारखान्याचे संस्थापक जेम्स किटसन हे इंजिन बांधणीच्या व्यवसायात नवखे नव्हते. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी १८३८ मध्ये तयार झालेले आणि आजही जतन केलेले ‘लायन’ हे इंजिन किटसन भागीदार असलेल्या आधीच्या कारखान्यातून बाहेर पडले होते. सुएझ कालवा खुला झाला तो १८६९ मध्ये. त्यामुळे १८५५ मध्ये भारताकडे निघालेल्या अवजड मालाला आफ्रिकेला वळसा घालून यावे लागे.

हा प्रवास किती बेभरवशाचा होता, याचा अनुभव ईस्ट इंडियन रेल्वेने आधीच घेतला होता. या कंपनीचे पहिले डबे घेऊन येणारे ‘गुडविन’ हे जहाज हुगळीच्या मुखाशी बुडाले आणि इंजिन घेऊन निघालेले दुसरे जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला पोहोचले, अशी नोंद रेल्वेच्या इतिहासात आहे. डबे मग कलकत्त्यातच बांधून घ्यावे लागले. फ्रेंचांच्या ताब्यातील चंद्रनगरच्या हद्दीतून मार्ग नेण्याच्या वादातही वेळ गेला. एरवी देशातील पहिल्या प्रवासी गाडीचा मान मुंबईऐवजी कलकत्त्याला मिळण्याची शक्यता होती. अखेर १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीपर्यंत, म्हणजे २४ मैल, गाडी धावली. ३ फेब्रुवारी १८५५ रोजी हा मार्ग राणीगंजच्या कोळसा खाणींपर्यंत जाऊन पोहोचला.

हावडा-हुगळी मार्गावरील पहिली गाडी ‘फेअरी क्वीन’ने ओढली, असे अधूनमधून वाचायला मिळते. इंजिनाचे जन्मवर्षच १८५५ असल्याने ते शक्य नाही. राणीगंजचा मार्ग खुला झाल्यावर वाढलेल्या वाहतुकीसाठी जी इंजिने आली, त्यांतले ते एक. कंपनीने त्याला नाव दिले नाही, फक्त क्रमांक दिला : २२. त्याच कारखान्यातून त्याच वर्षी आलेले त्याचे जुळे भावंड २१ क्रमांकाचे. या भावंडाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

चाकांच्या एका जोडीवर मदार

आजच्या प्रवाशाला हे इंजिन खेळण्यासारखे वाटण्याची शक्यता आहे. वजन अवघे २६ टन, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी ४० किलोमीटर. त्याला एकूण सहा चाके आहेत. पुढची दोन आणि मागची दोन फक्त भार वाहतात. मधली दोन मोठी चाके तेवढी इंजिनाला ओढतात. या मोठ्या चाकांचा व्यास सहा फूट, म्हणजे चांगल्या उंच माणसाएवढा.

वाफेच्या इंजिनाचे काम समजायला सोपे आहे. अग्निपेटीत कोळसा जळतो. त्याचे तप्त वायू बॉयलरमधील अनेक नळ्यांतून पुढे जातात आणि भोवतालचे पाणी उकळते. दाबाखालची वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते. दट्ट्याला जोडलेला दांडा मोठे चाक फिरवतो. काम संपलेली वाफ धुरांड्यातून जोराने बाहेर पडते आणि जाताना अग्निपेटीतील हवा आपल्याबरोबर ओढून नेते. त्यामुळे विस्तव अधिक फुलतो. इंजिन जितके जास्त राबते तितकी आग आपोआप भडकते, ही या रचनेतील खरी हुशारी. ‘झुकझुक’ असा जो आवाज आपण ऐकतो, तो या बाहेर पडणाऱ्या वाफेचा. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात तो चार वेळा होतो.

‘फेअरी क्वीन’चे दोन्ही सिलिंडर चौकटीच्या बाहेरच्या बाजूस आहेत. त्यांचा व्यास १२ इंच आणि दट्ट्याची धाव २२ इंच. सहा फुटी चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे पावणेसहा मीटरचे अंतर. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना हे चाक सेकंदाला जवळजवळ दोन फेरे घेते. चाक लहान असते तर त्याच वेगासाठी दट्ट्याला कितीतरी अधिक वेळा मागेपुढे करावे लागले असते आणि झीज वाढली असती. म्हणून वेगाच्या गाड्यांना मोठे चाक, हा त्या काळचा नियम होता.

या रचनेची मर्यादाही तिच्यातच होती. चाक रुळावर पकड घेते ते त्याच्यावर पडणाऱ्या वजनामुळे. २६ टनांपैकी काही भागच मधल्या जोडीवर येतो. गाडी हलकी असेल तर अडचण नाही. गाडी जड झाली की चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते. पुढच्या पिढीतील इंजिनांत दोन, तीन, चार जोड्या दांड्यांनी एकमेकींना जोडून हा प्रश्न सोडवला गेला. एकाच जोडीवर मदार असलेली इंजिने त्यामुळे मुख्य मार्गांवरून हळूहळू मागे पडत गेली.

आणखी एक वैशिष्ट्य पाण्याच्या टाकीचे. मोठ्या इंजिनांमागे कोळसा आणि पाणी वाहणारी वेगळी गाडी जोडलेली असते. ‘फेअरी क्वीन’ला तशी गाडी नाही. तिची टाकी चाकांच्या मधल्या जागेत, बॉयलरच्या खाली बसवलेली आहे. सुमारे ३,००० लिटर पाणी मावणाऱ्या या टाकीमुळे वजन खाली राहते आणि इंजिन आटोपशीर होते. लांबच्या प्रवासात मात्र वारंवार थांबून पाणी घ्यावे लागते. दीडशे वर्षांनंतर ही गोष्ट पुन्हा डोकेदुखीची ठरणार होती.

टपालगाड्या आणि सत्तावन्न साल

सेवेच्या पहिल्या वर्षांत हे इंजिन हावडा आणि राणीगंज यांच्या दरम्यान हलक्या टपालगाड्या ओढत असे. हा काळ शांततेचा नव्हता. इंजिन भारतात आले त्याच वर्षी, ३० जून १८५५ रोजी, राजमहालच्या डोंगराळ मुलखात सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली संथाळांचा उठाव झाला. सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्धच्या या उठावामागील असंतोषात रेल्वेमार्गाच्या बांधकामावर झालेल्या जुलमाचाही वाटा होता. रूळ आणि इंजिने ही प्रगतीची चिन्हे म्हणून मिरवली जात असताना ज्यांच्या जमिनीवरून ते रूळ जात होते, त्यांना ती तशी दिसली नव्हती.

दोन वर्षांनी १८५७ चा उठाव झाला आणि रेल्वेचे लष्करी मोल सत्ताधाऱ्यांच्या प्रथमच पुरते ध्यानात आले. कलकत्त्याला उतरलेले सैन्य हावड्याहून गाडीने राणीगंजपर्यंत नेले जाई आणि तेथून पुढे ग्रँड ट्रंक रस्त्याने बैलगाड्यांतून उत्तरेकडे पाठवले जाई. मे १८५७ मध्ये मद्रासहून आलेल्या पलटणीचा अधिकारी जेम्स नील याचा किस्सा प्रसिद्ध आहे. गाडीची वेळ झाली आणि शिपाई अद्याप नदी ओलांडून पोहोचले नव्हते. रेल्वेचे कर्मचारी थांबायला तयार होईनात. नीलने त्यांना पहाऱ्यात ठेवले आणि आपले सर्व सैनिक चढल्यावरच गाडी हलू दिली. हाच नील पुढे अलाहाबाद आणि कानपूर येथील निर्दय सूडसत्रामुळे कुप्रसिद्ध झाला.

या धामधुमीत सैन्याच्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनांत २२ क्रमांकाचे इंजिन होते, असे त्याच्या इतिहासात सांगितले जाते. ‘फेअरी क्वीन’कडे पाहताना ही बाजू विसरता येत नाही. तिच्या नावात परी आणि राणी दोन्ही असल्या, तरी ती एका साम्राज्याच्या कामाला जुंपलेली होती. ब्रिटिश भागधारकांना भारतीय महसुलातून पाच टक्के परताव्याची हमी देऊन हे मार्ग उभारले गेले आणि त्यांवरची इंजिने प्रदीर्घ काळ ब्रिटिश कारखान्यांतूनच येत राहिली. भारतात पूर्णपणे बांधलेले पहिले मीटरगेज इंजिन अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडायला १८९५ साल उजाडावे लागले.

चाळीस वर्षांनी मिळालेले नाव

१८६६ पर्यंत हावडा ते दिल्ली हा मार्ग सलग झाला. गाड्या लांबल्या, डबे जड झाले. एका जोडीच्या जोरावर चालणाऱ्या इंजिनाला टपालगाडीचे काम झेपेनासे होणे साहजिक होते. मात्र त्याला मोडीत न काढता बिहारमध्ये नव्या मार्गांच्या बांधकामावर धाडण्यात आले. रूळ, खडी, मजूर यांची ने-आण करण्यासाठी हलके इंजिन सोयीचे पडे. ‘फेअरी क्वीन’ हे नाव त्याला मिळाले ते १८९५ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिसाव्या वर्षी. १९०९ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले.

त्या काळच्या हिशेबात ५४ वर्षे काम केलेल्या इंजिनाची जागा भंगारात होती. लोखंड, तांबे, पितळ यांना भाव होता आणि वारसा हा शब्द यंत्रांना लावण्याची पद्धत नव्हती. तरीही हे इंजिन हावडा स्थानकाबाहेर एका चौथऱ्यावर बसवण्यात आले. पुढची ३४ वर्षे ते ऊन, पाऊस आणि गंगेची दमट हवा सोसत तेथे उभे होते.

१९४३ मध्ये त्याची रवानगी उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वे प्रशिक्षण शाळेत झाली. तेथे रेल्वेचे उमेदवार त्याच्याकडे कुतूहलाने पाहत. या साऱ्या काळात ‘फेअरी क्वीन’ हे राष्ट्रीय संचित आहे असे म्हणणारे फारसे कोणी नव्हते. टपालगाडीला निकामी झाले तेव्हा ते बांधकामाला उपयोगी पडले, तेथे संपले तेव्हा स्थानकाची शोभा झाले आणि शोभेचे दिवस संपल्यावर शाळेतले प्रदर्शन झाले. प्रत्येक वळणावर कोणाला तरी त्याचा काही उपयोग सुचला. मुंबईच्या पहिल्या इंजिनांचे नाव मोठे होते, पण काम संपल्यावर त्यांना असा दुसरा उपयोग लाभला नाही.

संग्रहालयात

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. डिझेल आणि विजेची इंजिने वाढत होती. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० मध्ये ब्रॉडगेजसाठीचे आपले शेवटचे वाफेचे इंजिन बांधले आणि त्याचे नावच ‘अंतिम सितारा’ ठेवले. जुनी इंजिने देशभर मोडीत निघत असताना त्यांतील वेचक जपावीत, हा विचार याच सुमारास मूळ धरू लागला. दिल्लीतील चाणक्यपुरीत नियोजित रेल्वे संग्रहालयाची कोनशिला ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते बसवण्यात आली.

या कामात मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थाचा मोठा वाटा आहे. एका रसायन कंपनीच्या नोकरीनिमित्त भारतात असलेल्या सॅटो यांना वाफेच्या इंजिनांचे वेड होते. रेल्वे मंत्रालयाचे सल्लागार म्हणून त्यांनी कोणती इंजिने जपण्याजोगी आहेत, हे ठरवण्यास मदत केली. ‘फेअरी क्वीन’ला भारत सरकारने १९७२ मध्ये वारशाचा दर्जा दिला. १ फेब्रुवारी १९७७ रोजी संग्रहालय खुले झाले, तेव्हा तेथे तिला मानाची जागा मिळाली.

पुन्हा रुळांवर

संग्रहालयात पोहोचलेले इंजिन सहसा तेथेच राहते. ‘फेअरी क्वीन’च्या बाबतीत तसे झाले नाही. ६ डिसेंबर १९९५ रोजी फिरोजपूर-जालंधर मार्गावर ब्रॉडगेजवरील वाफेची शेवटची नियमित गाडी धावली. वाफेचे युग संपल्यावर दोनच वर्षांत रेल्वेने आपले सर्वांत जुने इंजिन बाहेर काढले, दुरुस्त केले आणि १८ जुलै १९९७ रोजी मुख्य मार्गावर आणले. १९०९ नंतर ८८ वर्षांनी ते पुन्हा मुख्य मार्गावर आले होते.

दिल्ली ते राजस्थानातील अलवर अशी ही दोन दिवसांची पर्यटन सहल होती. पर्यटक सरिस्काच्या अभयारण्यात मुक्काम करत आणि दुसऱ्या दिवशी परतत. गाडीला जेमतेम साठ प्रवाशांची सोय होती. १९९८ मध्ये नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून ‘गिनेस बुक’ने तिची नोंद घेतली. १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते या उपक्रमाला राष्ट्रीय पर्यटन पुरस्कार मिळाला.

वाचायला ही गोष्ट जितकी सुखाची वाटते, तितकी चालवायला सोपी नव्हती. अलवरचे अंतर सुमारे १४० किलोमीटर. ताशी ४० किलोमीटर या कमाल वेगानेही ते कापायला साडेतीन तास लागतात. व्यग्र मार्गावर इतकी संथ गाडी घुसवायची म्हणजे मागच्यापुढच्या गाड्यांचे गणित सांभाळणे आले. टाकी लहान. पूर्वी स्थानकास्थानकांवर पाण्याचे नळखांब असत. वाफ गेली तसे तेही गेले. कोळसा, पाणी, राख काढण्याची सोय, या सगळ्याची तजवीज एका इंजिनासाठी नव्याने करणे आले.

चोरी आणि नवा जन्म

प्रसिद्धीच्या शिखरावर असलेल्या या इंजिनावर सर्वांत मोठा घाव पडला तो २०११ च्या सुमारास. हावड्याच्या उघड्या चौथऱ्यावर ३४ वर्षे टिकलेले इंजिन दिल्लीत रेल्वेच्याच ताब्यात उभे असताना त्याचे महत्त्वाचे भाग चोरीस गेले. जुन्या इंजिनांवरील झडपा, नळ्या, मापके यांत पितळ आणि तांबे असते. भंगारवाल्याच्या तराजूत त्यांना किलोवर भाव मिळतो. त्यांचे ऐतिहासिक मोल त्या तराजूत बसत नाही. राष्ट्रीय संचित म्हणून जाहीर झालेल्या वस्तूची ही गत झाली, यातून दर्जा देणे आणि राखण करणे यांतील अंतर उघड झाले.

इंजिन दुरुस्तीसाठी चेन्नईतील पेरांबूर कारखान्यात नेण्यात आले. हा कारखाना १८५६ मधला, म्हणजे इंजिनापेक्षा केवळ एका वर्षाने धाकटा. हरवलेल्या भागांसाठी कोणतेही दुकान नव्हते. असे भाग नव्याने घडवूनच इंजिन उभे करावे लागते. डिसेंबर २०१२ पर्यंत ते पुन्हा वाफेवर चालू लागले. प्रवासी गाडी घेऊन ते परतले मात्र ११ फेब्रुवारी २०१७ रोजी, या वेळी दिल्ली कॅन्टोन्मेंट ते हरियाणातील रेवाडी या तुलनेने जवळच्या अंतरावर.

याच पेरांबूर कारखान्यात २१ क्रमांकाच्या भावंडाचेही नशीब उघडले. ‘एक्स्प्रेस’ या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन कित्येक दशके निव्वळ शोभेची वस्तू म्हणून उभे होते. कारखान्याने ते चालते केले आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी चेन्नईत त्याने गाडी ओढली. त्यानंतर दक्षिणेत, कोचीसारख्या ठिकाणीही त्याच्या वारसा फेऱ्या झाल्या. वयाचा विचार केला तर ही दोन्ही इंजिने बरोबरीची आहेत. सर्वांत जुने चालते इंजिन कोणते, याचे उत्तर त्या दिवशी दोघांपैकी कोणाच्या अग्निपेटीत विस्तव आहे, यावर अवलंबून राहते.

चालवायचे की नुसते जपायचे?

येथे मूळ प्रश्न येतो. दुरुस्ती होऊन, भाग बदलून धावणारे हे इंजिन १८५५ चे म्हणायचे का? यंत्राच्या बाबतीत उत्तर साधे नाही. वाफेच्या इंजिनात काहीच कायमचे नसते. बॉयलरच्या नळ्या पाण्यातील क्षारांनी आणि उष्णतेने झिजतात आणि ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. चाकांवरच्या पोलादी धावा घासतात. अग्निपेटीचे पत्रे थकतात. अर्धशतक राबलेले इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाले, तेव्हाच त्याच्यात जन्माच्या वेळचे सगळे भाग उरले असणे शक्य नव्हते. चालवायचे म्हटले की सुरक्षेसाठी आणखी भाग बदलणे ओघाने येते. दाबाखालच्या वाफेचा बॉयलर फुटला तर काय होते, हे एकोणिसाव्या शतकाने पुष्कळदा अनुभवले आहे.

जगात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. १८२९ च्या रेनहिल चाचण्या जिंकणारे स्टीफन्सन पिता-पुत्रांचे ‘रॉकेट’ १८६२ पासून ब्रिटनमध्ये संग्रहालयाच्या ताब्यात आहे. त्याला कोणी पेटवत नाही. जे आहे ते पुरावा म्हणून तसेच ठेवायचे, हा तेथील विचार. त्यामुळेच १९९० च्या दशकाअखेरीस मायकेल बेली आणि जॉन ग्लिथेरो या अभ्यासकांना त्याचा भाग न् भाग तपासून त्यात केव्हा कोणते बदल झाले, हे ताडता आले. लोकांना धावते ‘रॉकेट’ दाखवण्यासाठी १९७९ मध्ये हुबेहूब प्रतिकृती बांधण्यात आली. योगायोग असा, की ती बांधण्यात पुढाकार होता तो दिल्लीच्या संग्रहालयाला साह्य करणाऱ्या मायकेल सॅटो यांचाच.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने मधला मार्ग धरला. तिच्याकडील ‘जॉन बुल’ हे १८३१ चे इंजिन १५ सप्टेंबर १९८१ रोजी दीडशेव्या वाढदिवसानिमित्त वॉशिंग्टनजवळ वाफेवर चालवण्यात आले आणि पुन्हा संग्रहालयात ठेवण्यात आले. भारताने तिसरा आणि सर्वांत धाडसी मार्ग निवडला. मूळ इंजिनच पर्यटकांची गाडी घेऊन वर्षानुवर्षे धावेल, असे ठरवले.

यांपैकी कोणताही मार्ग फुकटचा नाही. न चालवलेले इंजिन पुरावा म्हणून शुद्ध राहते, पण त्याची ऊब, आवाज, कोळशाचा वास आणि ते चालवण्याची विद्या हरवते. चालवलेले इंजिन माणसांना जिवंत अनुभव देते, पण प्रत्येक फेरीबरोबर त्याच्यातले थोडे जुने लोखंड कायमचे जाते. तडजोड करायचीच तर ती डोळसपणे व्हावी. कोणता भाग केव्हा आणि का बदलला याची नोंद ठेवणे आणि काढलेला मूळ भाग भंगारात न जाऊ देता जपणे, हा संवर्धनाचा मूलभूत नियम आहे. तो पाळला तर चालते इंजिनही उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल.

विद्येचा वारसा

चालवण्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र विशेष वजनदार आहे. वाफेचे इंजिन कळ दाबून सुरू होत नाही. थंड बॉयलर सावकाश तापवावा लागतो. घाई केली तर धातू असमान प्रसरण पावून सांधे गळू लागतात. त्यामुळे गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी विस्तव पेटवावा लागतो. कोळसा कोठे, किती आणि केव्हा टाकायचा, पाण्याची पातळी कितीवर ठेवायची, पुढचा चढ लक्षात घेऊन वाफ आधीच कशी साठवायची, हे फायरमन पुस्तकातून शिकत नाही. तो ते दुसऱ्या फायरमनशेजारी उभा राहून शिकतो. १९९५ नंतर ही माणसे वर्षागणिक निवृत्त होत गेली. त्यांच्यानंतर इंजिन राहील, पण ते चालवू शकणारा हात राहणार नाही, ही भीती खरी आहे.

या दृष्टीने रेवाडीच्या लोकोशेडचे महत्त्व आहे. १८९३ मध्ये बांधलेली ही शेड वाफेच्या युगाबरोबर ओस पडली होती. पुढे ती वारसा संग्रहालय म्हणून सावरली गेली आणि चालती वाफेची इंजिने राखणारी जागा म्हणून तिची ओळख झाली. ‘फेअरी क्वीन’लाही याच शेडचा आसरा मिळाला. अशा ठिकाणी जुन्या कारागिरांजवळ नवी मुले उभी राहिली, तरच हा वारसा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.

‘फेअरी क्वीन’ आजवर टिकली ती एखाद्या मोठ्या योजनेमुळे नव्हे. निरनिराळ्या पिढ्यांतील कोणा ना कोणाला तिचा काही उपयोग दिसला, म्हणून ती टिकली. ज्या थोड्या दिवसांत तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, तेवढ्या अवधीत ती लुटली गेली. तिचा पुढचा इतिहास नोंदवहीतील दर्जापेक्षा शेडच्या कुलपावर, कारागिराच्या पगारावर आणि बॉयलरच्या वेळच्या वेळी होणाऱ्या तपासणीवर ठरणार आहे.

------------------

‘फेअरी क्वीन’ : दृष्टिक्षेपात

बांधणी : १८५५, किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन, लीड्स
मूळ क्रमांक : ईस्ट इंडियन रेल्वे २२
रूळमाप : ब्रॉडगेज (५ फूट ६ इंच)
चाके : एकूण सहा, मधली जोडी चालक, व्यास ६ फूट
सिलिंडर : दोन, व्यास १२ इंच, धाव २२ इंच
वजन : २६ टन
ताकद : सुमारे १३० अश्वशक्ती
पाणी : सुमारे ३,००० लिटर
कमाल वेग : ताशी ४० किलोमीटर
निवृत्ती : १९०९
मुक्काम : हावडा स्थानक (१९०९ ते १९४३), त्यानंतर चंदौसी, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय (१९७७), रेवाडी
पुनरागमन : १९९७ आणि २०१७